वहीतल्या इंग्रजीखालची मराठी

रेवदंडा,
नारळी पौर्णिमेनंतरचा रविवार

चि. सोनू हिस,


तुझं पत्र आणि सोबतची शंकांची यादी मिळाली. श्रीवर्धनकडच्या शाळेत तुला आठवी-नववीचं इंग्रजी दिलं, हे ऐकून किती बरं वाटलं ते फोनवर सांगून झालंय. आता कामाचं लिहिते. यादीच्या शेवटी तू लिहिलंयस, ‘मावशी, मुलं त्याच त्याच चुका करतात, कितीदा सांगितलं तरी फरक पडत नाही.’ माझं सगळं पत्र या एका वाक्याला उत्तर आहे. अख्ख्या वर्गाची चूक एकच असेल, तर ती निष्काळजीपणातून आलेली नसते. तिच्याखाली एक मराठी वाक्य उभं असतं, आणि ते मराठी वाक्य अगदी अचूक असतं. लाल पेन उचलण्याआधी ते वाक्य शोध. ते सापडलं की काय शिकवायचं ते कळतं. ते शोधलंच नाहीस, तर नुसतं ‘राँग’ लिहून पान लाल होईल आणि पुढच्या निबंधात तेच पुन्हा येईल.

तू पाठवलेलंच वाक्य घेऊ. ‘माय फादर आर गॉन इन सी.’ तू त्यात तीन ठिकाणी गोल केलेत. आता हेच मराठीत म्हणून बघ: बाबा समुद्रात गेले आहेत. ‘गेले आहेत.’ घरी कोळी बोलीत तो मुलगा वडिलांना काहीही म्हणो, शाळेत शिकलेल्या मराठीत बाबा ‘गेले’च असतात. त्याच मुलानं दोन ओळी खाली ‘माय ब्रदर इज इन फिफ्थ’ असं लिहिलंय आणि ते बरोबर आहे. म्हणजे इज आणि आर यांतला फरक त्याला कळत नाही, असं मुळीच नाही. त्यानं वडिलांना मान दिला आणि भावाला दिला नाही. आपलं आदरार्थी बहुवचन त्यानं प्रामाणिकपणे इंग्रजीत नेलं. त्याला एवढंच सांग, की इंग्रजीत मान क्रियापदावर चढत नाही. बाप असो, गुरुजी असोत, राष्ट्रपती असोत, माणूस एक तर क्रियापदही एकाचंच. पुढे जमलं तर हेही सांग की इंग्रजीतही एके काळी तू-तुम्ही होतं. शेक्सपिअरच्या काळात ‘दाउ’ म्हणजे तू आणि ‘यू’ म्हणजे तुम्ही. पुढे ‘दाउ’ मागे पडलं, ‘यू’ सगळ्यांना लागू झालं, आणि म्हणून आज समोर एकच माणूस असला तरी ‘यू आर’ म्हणतात, ‘यू इज’ नाही. नववीच्या मुलांना हे ऐकून फार गंमत वाटते आणि ‘यू’पुढचं ‘आर’ कायमचं लक्षात राहतं.

मराठीची ओढ किती चिवट असते, ते मला इथं घरबसल्या दिसतं. रेवदंड्याहून साळावचा पूल ओलांडला की पलीकडे कोर्लई. किल्ल्याच्या पायथ्याच्या ख्रिस्ती वस्तीत अजून पोर्तुगीजमधून निघालेली एक बोली बोलतात. बोलणारे हजाराच्या आतबाहेर. ते तिला ‘नो लिंग’ म्हणतात, म्हणजे आमची भाषा. १७४० मध्ये पोर्तुगीज इथून गेले, पण बोली राहिली. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकन भाषाभ्यासकानं तिचा अभ्यास करून १९९६ मध्ये आख्खं पुस्तक लिहिलं. त्या बोलीतले शब्द पोर्तुगीज आहेत, पण क्रियापद मराठीसारखं वाक्याच्या शेवटी जाऊन बसलंय. पोर्तुगीजमध्ये ते मधे असतं. एका वस्तीची भाषा जर शेजारच्या मराठीनं अशी आतून बदलली, तर आठवड्यातले मोजके तास इंग्रजी ऐकणाऱ्या पोरांच्या वाक्याला मराठीचं वळण लागणारच. यात कमीपणा नाही. आपण फक्त ते वळण ओळखायला शिकायचं.

आता तुझी दुसरी शंका, ‘सिन्स टू इयर्स’. कारण उघड आहे. आपण ‘दोन वर्षांपासून’ म्हणतो आणि ‘सोमवारपासून’ही म्हणतो. आपलं एक ‘पासून’ दोन्ही कामं करतं. इंग्रजीत दोन माणसं ठेवलीत. किती काळ ते सांगायला ‘फॉर’, कधी सुरू झालं ते सांगायला ‘सिन्स’. एवढं मुलांना पटकन समजतं. खरी अडचण त्याच्या मागे लपलेली असते आणि तिच्याकडे शिक्षक बघतच नाहीत. ‘मी लहानपणापासून इथे राहते’ हा आपला साधा वर्तमानकाळ. म्हणून मुलगी लिहिते, ‘आय लिव्ह हिअर सिन्स चाइल्डहूड’. इंग्रजी म्हणतं, मागे सुरू झालेलं आजपर्यंत चालू आहे ना, मग ‘आय हॅव लिव्ड’. मुलांना ‘पासून’ दिसलं की थांबायची सवय लाव. मराठी वाक्यात ‘पासून’ आहे आणि गोष्ट अजून चालू आहे, की इंग्रजीत ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ आणायचं. पूर्ण वर्तमानकाळाची व्याख्या पाठ करून घेण्यापेक्षा ही खूण जास्त उपयोगी पडते.

‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’चंही तसंच. मला दोन भाऊ आहेत, मला माहीत आहे, माझ्याकडे होडी आहे. आपल्या प्रत्येक स्थितीच्या शेवटी ‘आहे’ येतं आणि ते ‘आहे’ मुलांच्या हाताला ओढून ‘ॲम’ लिहायला लावतं. मालकी, नातं, माहिती, आवड यांना चालू काळ लागत नाही एवढं सांग. तुझ्या वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरी पर्यटक उतरतात. त्यांना उदाहरण घरचंच दे. दारातल्या फळ्यावर ‘वी आर हॅविंग फ्रेश सुरमई’ लिहिलं, तर वाचणाऱ्याला वाटेल घरची मंडळी आत सुरमई खात बसली आहेत. ‘वी हॅव फ्रेश सुरमई’ लिहिलं की पाहुणा आत येईल. आणि हो, कितीही सुरमया असल्या तरी ‘फिश’च, ‘फिशेस’ म्हणतात ते निरनिराळ्या जातींचे मासे सांगायचे असतील तेव्हा.

यानंतरची गोष्ट तुझ्या यादीत नाही, पण मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण तिनं खरंच घोटाळा होतो. नकारार्थी प्रश्नाचं उत्तर. राजपुरीच्या धक्क्यावर उभी राहून ऐक. जंजिऱ्याला जायला आलेला पाहुणा विचारतो, ‘हॅजन्ट द बोट कम यट?’ शिडाच्या होडीवरचा पोरगा म्हणतो, ‘येस.’ त्याच्या मनात आहे: हो, नाही आली अजून. पाहुणा ऐकतो: आली आहे. तो सामान उचलून धक्क्याच्या टोकाला जातो आणि रिकाम्या पाण्याकडे बघत राहतो. मग दोघंही एकमेकांवर चिडतात. आपण मराठीत प्रश्न विचारणाऱ्याच्या म्हणण्याला हो म्हणतो: तुम्ही म्हणता ते खरं, बोट आलेली नाही. जपानी माणूसही तसंच उत्तर देतो. इंग्रजी मात्र विचारणाऱ्याकडे बघत नाही, घडलेल्या गोष्टीकडे बघतं. गोष्ट घडली असेल तर ‘येस’, घडली नसेल तर ‘नो’, प्रश्न कसाही असो. वर्गात रोज पाच मिनिटं याचा तोंडी सराव घे. ‘डिडन्ट यू ईट?’ ‘नो, आय डिडन्ट.’ ‘इजन्ट युवर हाउस इन दिवेआगर?’ ‘येस, इट इज.’ आणि एकटं ‘येस’ किंवा ‘नो’ म्हणून थांबू देऊ नकोस. पुढचा तुकडा जोडायलाच लाव. तुकडा जोडला की चूक झाली तरी ऐकणाऱ्याला खरं काय ते कळतं. ‘डू यू माइंड’ने सुरू होणारा प्रश्नही याच घरातला. पाहुण्यानं ‘डू यू माइंड इफ आय सिट हिअर?’ विचारलं आणि आपण प्रेमानं ‘येस, येस’ म्हटलं, तर आपण त्याला बसू नका असं सांगितलेलं असतं.

‘च’विषयी तू छान विचारलंयस. मुलं प्रत्येक वाक्याला ‘ओन्ली’ का लावतात? कारण आपल्याकडे ‘च’ आहे आणि त्याच्याएवढं लहान, त्याच्याएवढं कामाचं अक्षर इंग्रजीत नाही. कालच आले. इथेच बनवतो. तोच म्हणाला. आता यांतला ‘च’ न्यायचा कुठे? म्हणून ‘आय केम येस्टरडे ओन्ली’, ‘वी मेक इट हिअर ओन्ली’. मुंबईचा पाहुणा हे समजून घेतो. इंग्लंडचा माणूस ‘ओन्ली’ म्हणजे ‘फक्त’ असं ऐकतो आणि विचारात पडतो, की दुसरीकडे कुठेच बनवत नाहीत का? इंग्रजी हा जोर बहुतेक वेळा आवाजानं देतं, शब्दावर दाब देऊन. लिहिताना ‘राइट हिअर’, ‘जस्ट येस्टरडे’, ‘द व्हेरी सेम’ असे निरनिराळे शब्द घेतं. मुलांना दहा मराठी वाक्यं दे, प्रत्येकात ‘च’ वेगळ्या शब्दाला लावलेला. मीच आंबे दिले, मी आंबेच दिले, मी आंबे दिलेच. प्रत्येकाचा अर्थ आधी मराठीत सांगू दे. तो सांगता आला की इंग्रजीत कुठं दाब द्यायचा ते मुलं स्वतः शोधतात. असा तास घेतलास तर इंग्रजीच्या तासाला मराठीचंही व्याकरण पक्कं होतं, आणि तेही मला तितकंच हवं आहे.

आता आर्टिकल. यावर तू अर्धं पान लिहिलंयस आणि शेवटी ‘सोडून देऊ का?’ असं विचारलंयस. सोडू नकोस, पण घाईही करू नकोस. ज्या भाषेत ही वस्तूच नाही, त्या भाषेतल्या मुलाला ती सगळ्यात शेवटी येते. रशियन माणसाचीही हीच तक्रार असते, कारण रशियनमध्येही आर्टिकल नाही. पण आपल्या मुलांना ‘अ’ आणि ‘द’मधला भेद कळतो, फक्त तो कुठे कळतो ते आपण त्यांना दाखवत नाही. आजीच्या गोष्टीत बघ. एक होता राजा. त्या राजाला तीन राण्या. पहिल्यांदा येतो तो ‘एक’ राजा, कुणी अनोळखी. दुसऱ्यांदा येतो तो ‘तो’ राजा, ऐकणाऱ्याच्या ओळखीचा झालेला. ‘देअर वॉज अ किंग. द किंग हॅड थ्री क्वीन्स.’ तुझ्या मुलांना सांग, निबंधातली कुठलीही वस्तू ही गोष्टीतला राजा आहे असं समजा. वाचणाऱ्याला ती आधीपासून माहीत आहे का? माहीत असेल तर ‘द’. नसेल तर ‘अ’. सूर्य, समुद्र, आकाश सगळ्यांना माहीत, म्हणून पहिल्यापासूनच ‘द’. यात ऐंशी टक्के काम होतं, असं मी माझ्या अनुभवावरून म्हणते. उरलेलं हळूहळू कानानं येतं.

‘अ’ की ‘ॲन’ हा प्रश्न तर प्रश्नच नाही, पण मुलं स्पेलिंग बघून ठरवतात म्हणून चुकतात. कानाला विचारायचं. ‘आवर’ ऐकू येतो स्वरानं, म्हणून ‘ॲन आवर’, पुढे एच लिहिलेला असला तरी. ‘युनिव्हर्सिटी’ ऐकू येते ‘य’नं, म्हणून ‘अ युनिव्हर्सिटी’. ‘ॲन एमए’, पण ‘अ बीए’. शब्द देवनागरीत लिहून बघ म्हणावं. पहिलं अक्षर स्वर आलं की ‘ॲन’. आपली लिपी आवाजाप्रमाणे लिहिली जाते, तिचा इथे थेट उपयोग होतो. नावांचं एवढंच सांग: समुद्राला, नदीला ‘द’ लागतं, गावाला नाही. ‘द अरेबियन सी’, ‘द कुंडलिका’, पण नुसतं ‘अलिबाग’, नुसतं ‘मुरुड’. आणि त्या पहिल्या मुलाच्या वाक्याकडे पुन्हा ये. त्याचे वडील मासेमारीला गेलेत, म्हणजे धंद्यासाठी समुद्रावर. तेव्हा ‘हॅज गॉन टू सी’, मधे काही नाही. पुण्याहून आलेला माणूस पाय भिजवायला जातो तो ‘टू द सी’. मूल शिकायला जातं ‘टू स्कूल’, आई त्याचा डबा द्यायला जाते ‘टू द स्कूल’. ज्या कामासाठी ती जागा आहे त्याच कामाला गेलं की ‘द’ गळतं. किनाऱ्यावरच्या मुलांना हा फरक शहरातल्या मुलांहून लवकर समजेल. त्यांच्या घरात दोन्ही तऱ्हेची माणसं रोज समुद्राकडे जातात.

शब्दयोगी अव्ययांवर मी फार लिहीत नाही. आपला ‘ला’ सगळीकडे ‘टू’ होऊन बसतो, एवढं ध्यानात ठेव. अलिबागला पोचलो, त्याला विचारलं; म्हणून ‘रीच्ड टू अलिबाग’, ‘आस्क्ड टू हिम’. दोन्हीकडे ‘टू’ काढायचा. ‘विषयी’मुळे ‘डिस्कस अबाउट’ येतं, ‘शी’मुळे ‘मॅरीड विथ’. रात्री, सकाळी, सोमवारी यांत आपलं एकच रूप चालतं, तिथे इंग्रजीला ‘ॲट’, ‘इन’, ‘ऑन’ असे तीन लागतात. त्याला कारण शोधत बसू नये, शब्दासकट पाठ करावं. पण एका ठिकाणी मराठी आपल्याला चक्क हात देते. आपण होडीत बसतो आणि बोटीवर नोकरी करतो. इंग्रजीही तेच म्हणतं: लहान होडीत ‘इन अ बोट’, जिच्यावर चालता-फिरता येतं त्या मांडव्याच्या रो-रोवर ‘ऑन द फेरी’.

आता चुका नसलेल्या चुका. ‘प्रीपोन’ला तू लाल गोल केलास, तो पुसून टाक. शब्द नीट घडलेला आहे, गरजेचा आहे आणि ऑक्सफर्डच्या कोशातही आहे. लाख-कोटी आपल्या देशात बिनदिक्कत लिहावेत. आपल्या भागातून इंग्रजीत शब्द जाणं काही नवं नाही. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात आपल्या शेजारच्या चौलची नोंद आहे. २०२० मध्ये ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांसाठीच्या कोशाच्या नव्या आवृत्तीत चाळ आणि डबा दाखल झाले. ‘कझिन ब्रदर’लाही मी चूक म्हणणार नाही. ज्या भाषेत मावसभाऊ, मामेभाऊ, आतेभाऊ, चुलतभाऊ असे चार वेगळे आहेत, तिला एकट्या ‘कझिन’मध्ये भाऊ की बहीण तेही कळू नये हे सहन होत नाही. आपसात बोलताना चालू दे. परीक्षेत आणि परदेशी माणसाशी बोलताना मात्र नुसतं ‘कझिन’, हे मुलांना माहीत हवं. ‘आय हॅव अ डाऊट’ही तसंच. आपल्या वर्गात ती शंका. बाहेर तो अविश्वास वाटतो, तिथे ‘अ क्वेश्चन’ म्हणावं.

काही शब्द मात्र आजच थांबव. ‘मायसेल्फ अमुक तमुक’ अशी ओळख करून देणं, कारण तिथं वाक्यच नाही; ‘आय ॲम’ हे दोन शब्द पुरतात. ‘पार्किंग ॲट बॅकसाइड’ ही पाटी, कारण तो शब्द इंग्रजीत माणूस ज्यावर बसतो त्या अवयवाला वापरतात. ‘बिहाइंड द हाउस’ लिहा म्हणावं. घरातून निघताना आपण ‘येतो’ म्हणतो म्हणून ‘आय ॲम कमिंग’ म्हणणं, कारण पाहुणा वाट बघत बसेल.

उलट काही नियम शिक्षकच उगाच धरून बसतात. वाक्याच्या शेवटी शब्दयोगी अव्यय येऊ नये, हा हट्ट त्यांतला. १६७२ मध्ये ड्रायडन या कवीनं बेन जॉन्सनच्या वाक्यांना यावरून नावं ठेवली, आणि तेव्हापासून शाळाशाळांतून मुलांना हे सांगितलं जातं. इंग्रजी शब्दवापरावरचा सर्वांत मान्य कोश लिहिणाऱ्या फाउलरनं १९२६ मध्येच ही समजूत निराधार ठरवली. ‘अँड’, ‘बट’नं वाक्य सुरू करू नये, हेही तसलंच. ‘शॅल’ आणि ‘विल’, ‘हू’ आणि ‘हूम’ यांवर आठवीचे तास घालवू नकोस. ज्या मुलांना अजून ‘डिडन्ट वेंट’ आणि ‘डिडन्ट गो’ यांत अडखळायला होतं, त्यांच्या डोक्यावर ही ओझी ठेवणं मला अन्यायाचं वाटतं. ‘डिड’नं भूतकाळ उचललाय, मग पुढच्या क्रियापदानं तो पुन्हा उचलायचा नाही, एवढं एक पक्कं झालं तरी वर्षाचं काम झालं असं समज.

इंग्रजी नेमकं असावं याचा आग्रह मी कुठे धरते तेही सांगते. अलिबागला ओहोटीला लोक चालत कुलाबा किल्ल्यात जातात आणि भरती आली की आत अडकतात. अशा ठिकाणी पाटीवर नुसतं ‘टाइड’ लिहून भागत नाही, कारण इंग्रजीत भरतीही ‘टाइड’ आणि ओहोटीही ‘टाइड’. ‘हाय टाइड’, ‘लो टाइड’ असं स्पष्ट हवं, आणि उधाणाला ‘स्प्रिंग टाइड’ म्हणतात, त्याचा वसंत ऋतूशी संबंध नाही. ती अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची मोठी भरती. आपण ज्याला भांग म्हणतो ती ‘नीप टाइड’. ‘मस्ट’ आणि ‘शुड’ यांतला फरकही इथेच शिकव. ‘यू शुड रिटर्न बिफोर हाय टाइड’ हा सल्ला झाला. ‘यू मस्ट रिटर्न’ ही सक्ती. श्रीवर्धन, हरिहरेश्वर, दिवेआगर, तुझ्या मुलांच्या गावागावांत समुद्रकिनारे आहेत. त्यांना आपापल्या किनाऱ्यासाठी इंग्रजी सूचना लिहायला लाव, सहा-सात वाक्यांची. भरती-ओहोटी, खडक, कुठे पोहू नये. हा निबंध लिहिताना एकही मूल कंटाळणार नाही, कारण त्यातलं सगळं त्यांना तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

वहीची पद्धत विचारलीस. पान उभं दुमड, डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ ला ‘दर्पण’ काढलं ते असंच, एका पानावर इंग्रजी आणि मराठी शेजारी शेजारी. मुलानं आधी डावीकडे आपल्या मनातलं वाक्य लिहायचं, जसं आठवतं तसं, बोलीतही चालेल. मग उजवीकडे. चूक उजवीकडे दिसेल, पण तिचं कारण तुला डावीकडे सापडेल. वर्गात मराठी बोललं तर दंड, असं काही शाळांत करतात. तुझ्या मुख्याध्यापकांनी तसं सुचवलं आहे, हे वाचून मला वाईट वाटलं. त्यांना नम्रपणे पण ठाम सांग की तू हे करणार नाहीस. आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. आठवीतलं मूल सात वर्षं ते शिकून आलेलं असतं आणि तरी तोंड उघडत नाही. त्याला शब्द कमी पडत नाहीत, धीर कमी पडतो, आणि दंडानं राहिलेला धीरही जातो. याच कुंडलिकेच्या वरच्या अंगाला, रोह्यात, चिंतामणराव देशमुखांचं बालपण गेलं. १९१२ च्या मॅट्रिकला ते पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनीच मिळवली. पुढे केंब्रिज, आयसीएस, आणि १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. संस्कृतच्या अभ्यासानं त्यांचं इंग्रजी अडवलं नाही. एका भाषेचं व्याकरण मुरलं असलं की दुसरीचं पटकन उमगतं, हे मी वर्गात वारंवार पाहिलंय.

निसिम एझिकेल यांची मिस पुष्पांच्या निरोप समारंभावरची कविता वर्गात घ्यावी का, असं विचारलंयस. एझिकेल आपल्या किनाऱ्याशी नातं असलेले. त्यांचा बेने इस्रायली समाज आपले पूर्वज अलिबागजवळच्या नवगावला बोट फुटून उतरले असं मानतो. आपलं ते चालू काळाचं इंग्रजी त्यांनी कवितेत नेमकं पकडलं आहे. पण आत्ता घेऊ नकोस. जी मुलं तसंच बोलतात, त्यांना ती ऐकून आपल्यावरच हसल्यासारखं वाटेल. चालू काळ आणि साधा काळ त्यांच्या हाताशी आला, की दहावीच्या मुलांसमोर ती वाच. तेव्हा त्यांना त्यातलं प्रेमही दिसेल. पाट्यांवरच्या चुकांचे फोटो फोनवर फिरतात, तेही वर्गात हसण्यासाठी दाखवू नकोस. ती पाटी कुणाच्या तरी आईनं रंगवलेली असते.

रेन अँड मार्टिनचं व्याकरणाचं पुस्तक टेबलावर असू दे, तुझ्यासाठी. मुलांच्या हातात ते आत्ताच नको. पुढच्या पत्री मला वह्यांतली वाक्यं पाठव, चुकीची तशीच, आणि प्रत्येकाच्या शेजारी तुला सापडलेलं मराठी वाक्य. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांचा प्रश्न मी मुद्दाम त्या पत्रासाठी ठेवलाय. इंग्रजीच्या ‘वी’त पाहुणा धरला की नाही हे कसं सांगायचं, ते मुलांनाच आधी विचारून ठेव. सुपारीच्या पिशवीबद्दल तुझ्या आईला निरोप दे, पोचली म्हणून.

कळावे,
तुझी माईमावशी